बरणीतील माती आणि सीवकसुत्त

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःख आमच्या वाचकांना परके नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना स्वतः पत्र लिहिले होते. त्या समाजात आता रूढ होत असलेल्या एका विधीकडे धम्माच्या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे २०१८ साली एक स्मारक खुले झाले. १८७७ ते १९५० या काळात गोऱ्या झुंडींनी ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांचे ते स्मारक होय. हत्या घडलेल्या प्रत्येक परगण्याचा एक, असे ८०० हून अधिक गंजल्या रंगाचे पोलादी स्तंभ तेथे आहेत. आत जाताना जमीन उतरत जाते आणि स्तंभ डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. पण आमचे मन गुंतले ते मातीत. मृतांचे वंशज व गावकरी हत्येच्या जागी जाऊन तेथील माती काचेच्या बरणीत भरतात. बरणीवर नाव, स्थळ, तारीख. संग्रहालयात अशा बरण्यांच्या रांगा आहेत. माती कोठे काळी, कोठे तांबडी.

हे कर्मकांडच ना, असे एखादा उपासक विचारील. महापरिनिब्बानसुत्तात पिप्फलिवनाचे मोरिय उशिरा पोहोचले. अस्थी वाटून झाल्या होत्या, म्हणून त्यांनी चितेतील कोळसे नेले व त्यांवर स्तूप बांधला. ज्यांच्या हाती काहीच उरले नाही, त्यांचा तो मार्ग होता.

खरा प्रश्न निराळा आहे. पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली वेदना म्हणजे पूर्वकर्माचे फळ, असे आम्हांला शतकानुशतके ऐकविले गेले. संयुत्तनिकायात मोळियसीवक परिव्राजक नेमके हेच मत भगवंतांपुढे मांडतो. भगवंत ते अमान्य करून वेदनेची आठ कारणे सांगतात. त्यांत ‘ओपक्कमिक’, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या आघाताची वेदना, ‘कम्मविपाका’हून वेगळी मोजली आहे. अट्ठकथेचे स्पष्टीकरण वाचून आम्ही थबकलो: चोर वा व्यभिचारी ठरवून धरलेल्या माणसास गुडघ्यांनी, कोपरांनी, सोट्यांनी केलेली मारहाण! अमेरिकेतील झुंडीही बहुधा असेच आळ घेत. भयाने कित्येक कुटुंबांनी गाव सोडले, कित्येक घरांत मृताचे नाव निघेनासे झाले. नातवाच्या हातातील बरणी ती लाज त्याच्यावरून उतरविते, कारण आघात कोठे व केव्हा झाला हे तिच्यावर लिहिलेले असते.

स्मारकाबाहेर प्रत्येक स्तंभाची प्रतिकृती आडवी ठेवलेली आहे. ती आपल्या गावी नेऊन उभारावी, असे आवाहन त्या त्या परगण्यास करण्यात आले आहे.