दूध-तुपाविना स्वयंपाक : पाकपुस्तकाची निवड

भारतीय शाकाहारात मांस, मासे व अंडी वर्ज्य मानली जातात. दूध, दही आणि तूप मात्र त्यात पूर्णपणे मुरलेली आहेत. म्हणून एखाद्या घराने प्राणिजन्य पदार्थ सर्वस्वी सोडण्याचे ठरविले, की नेहमीचे शाकाहारी पाकपुस्तक त्याला अपुरे वाटू लागते. अशा आहारासाठी ‘व्हीगन’ ही संज्ञा १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ करण्यात आली. दुधाबरोबरच मधही तीत वर्ज्य असतो. संज्ञा परकी असली, तरी तिच्या व्याख्येत बसणारे पदार्थ आपल्याकडे प्रत्येक प्रांतात पूर्वीपासून आहेत. तेलाच्या फोडणीचे पिठले, बिहारमधील सत्तू, आंध्रातील पेसरट्टु, तमिळनाडूतील सुंडल, नारळाच्या दुधातील केरळचे ओलन ही त्यांची सहज आठवणारी उदाहरणे होत.

यावरून निवडीचे पहिले सूत्र मिळते. मुखपृष्ठावर ‘व्हीगन’ असा शब्द छापलेला असणे पुरेसे नाही आणि आवश्यकही नाही. परदेशी वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत भट्टी, डबाबंद कडधान्ये, बदामाचे दूध आणि काजूपासून केलेले चीज यांचा वारंवार उपयोग केलेला आढळतो. असे पुस्तक स्वस्तात मिळाले, तरी त्यातील पदार्थ महाग पडतात. पुस्तकाची किंमत एकदाच मोजावी लागते; त्यातील साहित्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते. म्हणून दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हाती घेतल्यावर कोणतीही दहा पाने उघडावीत आणि प्रत्येक कृतीतील साहित्य जवळच्या वाण्याकडे व भाजीबाजारात मिळेल काय, हे पाहावे. दहापैकी सात-आठ कृती या कसोटीस उतरल्या, तर पुस्तक विचारात घेण्यासारखे आहे असे समजावे.

हीच कसोटी जुन्या प्रादेशिक पाकपुस्तकांनाही लावता येते. एस. मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तु पार’ हे तमिळ पुस्तक १९५१ साली, तर कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे मराठी पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. यांपैकी एकही पुस्तक दुग्धवर्ज्य आहारासाठी लिहिलेले नाही. तथापि सांबार, रसम, उसळी, कोशिंबिरी, भाकरी यांसारख्या अनेक पदार्थांत तुपाच्या जागी तेल योजले, की पुरते. ज्या पदार्थाचा आधारच दूध किंवा दही आहे, उदाहरणार्थ कढी किंवा खीर, तो मात्र केवळ एका वस्तूऐवजी दुसरी वस्तू घालून साधत नाही. अशा ठिकाणी नारळाचे किंवा शेंगदाण्याचे दूध किती घ्यावे आणि ते आचेवर कसे फाटते, हे सांगणारे पुस्तकच उपयोगी ठरते.

दुसरी कसोटी प्रमाणांची आहे. बहुतेक पाककृती चार ते सहा माणसांसाठी लिहिलेल्या असतात. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीने किंवा वृद्ध दांपत्याने सगळे साहित्य निम्मे घेतले, म्हणजे काम झाले असे होत नाही. मीठ निम्मे होते, पण पाणी होत नाही. कारण वाफ होऊन जाणारे पाणी भांड्याचे तोंड आणि शिजण्याचा वेळ यांवर अवलंबून असते. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी लागत असेल, तर उघड्या भांड्यात अर्ध्या वाटीला एका वाटीहून थोडे अधिक पाणी लागते. प्रेशर कुकरच्या तळाशी तर पदार्थ कितीही थोडा असला, तरी वाफ धरण्याइतके पाणी घालावेच लागते. म्हणून दोन माणसांचे प्रमाण स्वतंत्रपणे देणारे, वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेले आणि उरलेल्या भिजवलेल्या कडधान्याचे दुसऱ्या दिवशी काय करावे हे सुचविणारे पुस्तक लहान घराला अधिक मोलाचे होय.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिचा संबंध आरोग्याशी आहे. दूध वगळल्यावर प्रथिने व कॅल्शियम कोठून मिळणार, याचे उत्तर पुस्तकात असले पाहिजे. ते कठीण नाही. डाळींमध्ये दर १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम, तर शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. नाचणीत कॅल्शियमचे प्रमाण सुमारे ३५० मिलिग्रॅम असते आणि तिळात त्याहून पुष्कळ अधिक. परंतु ब-१२ या जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ते सूक्ष्मजीवांकडून तयार होते आणि वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. शरीरातील साठा सावकाश संपत असल्यामुळे उणीव कित्येकदा काही वर्षांनी उघड होते. रक्तक्षय होतो आणि मज्जातंतूंनाही कायमची इजा पोहोचू शकते. दूध सोडणाऱ्या व्यक्तीने हे जीवनसत्त्व समृद्ध केलेल्या अन्नातून किंवा वैद्यकीय सल्ल्याने गोळीच्या रूपाने घेतले पाहिजे. जे पुस्तक याविषयी मौन पाळते, किंवा एखादी भाजी ही गरज भागविते असे सांगते, ते इतर बाबतींत कितीही चांगले असले, तरी त्यावर एकट्याने विसंबू नये.

वेष्टनातील पदार्थांविषयीही पुस्तकाने वाचकाला सावध करावे. हिरव्या ठिपक्याचा अर्थ पदार्थ शाकाहारी आहे एवढाच होतो. त्यात दूध असू शकते. म्हणून भारतात २०२२ च्या विनियमांनी व्हीगन खाद्यपदार्थांसाठी वेगळे चिन्ह ठरवून दिले आहे.

एवढी पारख झाल्यावरही खरेदीची घाई करू नये. पुस्तक ग्रंथालयातून आणावे आणि आठवडाभरात त्यातील एक आमटी, एक भाजी व एक न्याहारीचा पदार्थ करून पाहावा. तिन्ही पदार्थ पहिल्या प्रयत्नात साधले, ताटात काही उरले नाही आणि वाण्याचे बिल वाढले नाही, तर ते पुस्तक त्या घराचे झाले. शंभर पाककृतींच्या देखण्या ग्रंथापेक्षा रोज उघडले जाणारे वीस कृतींचे पातळसे पुस्तक लहान कुटुंबाच्या अधिक कामी येते.