मोशे या नावाचा अर्थ

मोशे हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. मराठी बायबलात तो मोशे आहे, मुसलमान बांधवांचा तो मूसा आहे, आणि कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांत, म्हणजे 'शनिवार तेल्यां'त, त्याचा मुसाजी झाला. नाव ओळखीचे, अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो.

बायबलाच्या 'निर्गम' या ग्रंथातली कथा अशी. मिसर देशाच्या फारो राजाने गुलाम इस्राएलांचे मुलगे नदीत टाकण्याचा हुकूम सोडला. एका आईने आपले बाळ लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीकाठी ठेवले. ते राजकन्येच्या हाती लागले. पाण्यातून ओढून काढले म्हणून मोशे, असे तिने नावाचे कारण दिले.

हिब्रूत 'माशा' या धातूचा अर्थ ओढून काढणे. पण 'ओढून काढलेला' असे म्हणायचे असते तर 'माशुई' हे रूप हवे होते. 'मोशे' म्हणजे 'ओढून काढणारा'. मिसरी भाषेचे अभ्यासक निराळेच सांगतात. त्या भाषेत 'मेस' म्हणजे जन्मलेला, आणि थुतमोस, रामसेस या राजांच्या नावांत तोच शब्द आहे. नाव मुळात मिसरी असेलही. पण यहुद्यांनी ते आपल्या भाषेत ऐकले व त्यातून बोध घेतला. सोळाव्या शतकात इटलीत होऊन गेलेल्या ओबद्या स्फोर्नो या भाष्यकाराने हाच अर्थ लावला, की हा इतरांना संकटातून ओढून काढील. आम्हांस त्यात नावाचे सारे मर्म दिसते. ज्याला कोणी वर काढले, त्याच्यावर दुसऱ्याला वर काढण्याचे ऋण असते.

हे ऋण फेडणे सोपे नव्हते. मोशे फारोपुढे उभा राहिला, तेव्हा राजाने विटांसाठी मिळणारा पेंढा बंद केला. पेंढा मजुरांनी वेचून आणायचा आणि विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरायची. ती भरेना, म्हणून इस्राएली मुकादमांना मार बसला, आणि ते मोशेवरच उलटले. कामगारांत वावरलेल्या आम्हांस हा प्रसंग फार ओळखीचा वाटतो. मागणी केली की पहिला फटका आपल्याच माणसांना बसतो आणि बोल मागणी करणाऱ्याला लागतो. मोशे तर जड जिभेचा. त्याच्या वतीने बोलायला भाऊ अहरोन लागे. त्याने देवाजवळ गाऱ्हाणे केले, पण काम सोडले नाही.

वचनाचा देश त्याने नबो डोंगरावरून नुसता पाहिला. त्याची कबर कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही, असे बायबलच सांगते. वल्हांडण सणाला यहुदी घरांत सुटकेची कथा सांगणारा 'हग्गादा' वाचतात. १८७४ साली तो पुण्यात हिब्रू व मराठीत छापला गेला. त्याच्या बहुतेक प्रचलित पाठांत मोशेचे नाव केवळ एकदाच, तेही ओझरते येते. सुटकेचे सारे श्रेय देवाला दिलेले आहे.

मुलाचे नाव मोशे किंवा मुसाजी ठेवणारे आईबाप म्हणूनच त्याला मोठेपणा देत नाहीत, एक काम नेमून देतात.