वेम्ब्लीच्या कमानीखाली

लंडनच्या वायव्येस वेम्ब्ली नावाचे उपनगर आहे. तेथील फुटबॉलचे स्टेडियम सामना नसेल त्या दिवशी तिकीट काढून पाहता येते. बरोबर एक मार्गदर्शक असतो. खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली, मैदानाकडे जाणारा बोगदा, विजेत्यांना चषक देतात तो सज्जा, असे सारे तो हिंडवून दाखवतो. बहुतेक पाहुणे खेळाडूंच्या सदऱ्यांशेजारी उभे राहून छायाचित्रे काढण्यात दंग असतात. आपण थोड्या वेगळ्या वस्तू पाहू.

येथे पूर्वी 1923 साली उघडलेले जुने स्टेडियम होते. 12 ऑगस्ट 1948 रोजी आपल्या हॉकी संघाने ब्रिटनला 4-0 असे हरवून स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, ते याच जागी. ती वास्तू पाडून बांधलेले नवे, 90,000 खुर्च्यांचे स्टेडियम 2007 मध्ये खुले झाले.

लांबूनच डोळ्यांत भरते ती पांढरी कमान. उंची सुमारे 134 मीटर, दोन टोकांतील अंतर 315 मीटर. ती शोभेची असेल असे वाटते, पण तसे नाही. जुन्या स्टेडियमचे छप्पर खांबांवर उभे होते आणि ज्याची जागा खांबामागे येई, त्याचे नशीब फुटके! नव्या छपराला प्रेक्षकांच्या नजरेआड येणारा एकही खांब नाही. उत्तरेकडील छपराचा सगळा आणि दक्षिणेकडील छपराचा बराचसा भार पोलादी दोरांनी या कमानीला टांगला आहे.

दोराला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून दोरांत ताण असतो, तर कमानीत दाब. एखादी साखळी दोन्ही टोकांना धरून लोंबू द्या. तिच्या प्रत्येक कडीत निव्वळ ताण असतो. तोच आकार उलटा केला, की निव्वळ दाब सोसणारी कमान मिळते. ही युक्ती रॉबर्ट हूकने 1675 मध्ये सुचवली. स्प्रिंगच्या नियमामुळे तुम्हाला ठाऊक असलेला, तोच हा हूक.

पण दाबाखाली लांब वस्तू मध्येच वाकते. फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा, लगेच कळेल. म्हणून ही कमान भरीव नाही. पोलादी नळ्यांची जाळी गुंडाळून केलेली ती 7 मीटर व्यासाची पोकळ नळी आहे. तिच्यातून आगगाडीचा डबा सहज जाईल. शिवाय ती लंबापासून सुमारे 22 अंश मैदानाच्या उलट दिशेला कललेली आहे. दोर तिला मैदानाकडे ओढतात, तर तिचे स्वतःचे वजन तिला पलीकडे पाडू पाहते.

आता वरच्या मजल्यावर चला. येथून मैदान पोस्टाच्या तिकिटासारखे दिसते. सामना चालू असता तर एक गंमत अनुभवता आली असती. समोरच्या टोकाला खेळाडू चेंडूला लाथ मारताना दिसतो, आवाज मात्र मागाहून येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे 170 मीटरवरच्या लाथेचा आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचतो. स्टेडियमभर एक गाणे सुरात का म्हणता येत नाही, याचे उत्तर येथेच आहे.

खाली हिरवळीवर पाय ठेवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. उंच मजल्यांच्या सावलीत गवत जगवणे सोपे नाही. त्यासाठी छपराचे काही भाग सरकवून ऊन आत घेतात, आणि चाकांवरचे दिवे गवतावर फिरवतात.

पाहुण्यांना दाखवतात ती एक साधी आडवी दांडी मला सर्वांत मोलाची वाटली. 30 जुलै 1966 रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टने मारलेला चेंडू या दांडीच्या खालच्या बाजूवर आपटला, सरळ खाली आला आणि रेषेजवळ टप्पा घेऊन बाहेर गेला. गोल दिला गेला, आणि इंग्लंडने पश्चिम जर्मनीला 4-2 असे हरवले. नियम असा, की अख्खा चेंडू, म्हणजे त्याचा पूर्ण 22 सेंटिमीटर व्यास, रेषेपलीकडे जायला हवा. चित्रफीत असूनही वाद का मिटला नाही? समजा, चेंडूचा वेग सेकंदाला 15 मीटर आहे आणि सेकंदात 25 चित्रे घेतली आहेत. मग दोन चित्रांच्या मध्ये चेंडू 60 सेंटिमीटर सरकतो! शिवाय कॅमेरा रेषेच्या नेमका सरळीत नव्हता. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1990च्या दशकात भूमितीच्या आधारे हिशोब केला. चेंडू पूर्ण आत गेला नव्हता, असे त्यांचे उत्तर आले. आता गोलभोवतीचे अनेक वेगवान कॅमेरे हा निकाल पंचांच्या मनगटावरील घड्याळात क्षणार्धात देतात. या साधनांना 2012 मध्ये मान्यता मिळाली.

आणि आता जिने. त्यांची छायाचित्रे कोणी काढत नाही.

जुन्या वेम्ब्लीत 1923च्या पहिल्याच अंतिम सामन्याला, 28 एप्रिल रोजी, सुमारे सव्वा लाखाच्या जागेत दोन लाखांहून अधिक माणसे शिरली असावीत असा अंदाज आहे. त्या दिवशी माणसे मैदानावर सांडली म्हणून बचावली. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्या प्रेक्षकांच्या पुढे कुंपण होते. त्या चेंगराचेंगरीत 97 जण दगावले. दहा माणसांनी एकामागून एक फक्त 50 न्यूटन बलाने, म्हणजे पाच किलोची पिशवी उचलण्याइतक्या जोराने, पुढे रेटले तर सर्वांत पुढच्या माणसावर 500 न्यूटन बल येते. कुंपणाशी दाबलेल्या त्याच्या छातीला श्वासासाठी फुगायला जागाच उरत नाही. आणि मागच्याला वाटते, आपण तर जराच पुढे सरकलो! त्यानंतर तेथील मोठ्या मैदानांवर सर्वांना खुर्च्या देणे भाग पडले. खुर्ची म्हणजे नुसता आराम नव्हे. एका चौरस मीटरात किती माणसे मावतील, यावर ती मर्यादा घालते.

बाहेर पडण्याचाही हिशोब असतो. ब्रिटनमधील क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार एक मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला 66 माणसे जाऊ शकतात, आणि सर्वांनी जास्तीत जास्त 8 मिनिटांत मोकळ्या वाटेला लागायला हवे. 66 गुणिले 8 म्हणजे 528. 90,000 ला 528 ने भागा. सगळी माणसे जिन्यानेच जाणार असतील, तर सर्व जिन्यांची मिळून रुंदी 170 मीटर हवी! मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावरील जिन्यावर 29 सप्टेंबर 2017 रोजी 23 माणसे गेली. तेथेही रुंदी आणि गर्दी यांचे हेच गणित होते.

हे गणित तुम्ही शाळेतही करू शकता. जिना दीड मीटर रुंद असेल, तर मिनिटाला साधारण 99 मुले उतरतील. 800 मुलांना 8 मिनिटे लागतील. टेप घेऊन आपल्या शाळेचा जिना मोजा. ब्रॅडफर्डच्या मैदानावर 11 मे 1985 रोजी लाकडी प्रेक्षागाराला आग लागली, तेव्हा मागच्या दारांकडे धावलेल्यांना ती बंद आढळली. त्या आगीत 56 जण गेले. तेव्हा शाळेला दुसरा जिना असेल, तर त्याच्या दाराला कुलूप आहे का आणि किल्ली कोणाजवळ असते, तेही विचारून या.