हातभट्टी विझल्यानंतर : सोलापूर जिल्ह्यातील एक प्रयोग

सोलापूर शहरातून हैदराबादच्या रस्त्याने निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर दक्षिण सोलापूर तालुक्यातील मुळेगाव लागते. तेथील बंजारा समाजाचा तांडा अनेक वर्षे हातभट्टीच्या दारूसाठी जिल्हाभर ओळखला जात असे. तांड्यावर धाडी पडत, रसायनाची पिंपे फोडली जात, खटले भरले जात. आणि काही दिवसांत भट्ट्या पुन्हा पेटत.

असे का होत असे, हे समजून घेतल्यावाचून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने या प्रश्नास हात घालू नये. हातभट्टीला भांडवल फारसे लागत नाही. गूळ, नवसागर, पाणी, सरपण आणि चार पिंपे एवढ्यावर धंदा उभा राहतो. रसायन आंबले की ते भट्टीवर चढवून दारू उतरवावयाची आणि लगेच रोख पैसा हाती घ्यावयाचा. याउलट सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात शेतमजुरी हंगामापुरतीच मिळते. धाडीत पिंपे फुटली म्हणजे माल जातो; परंतु त्या मालासाठी उसने काढलेले पैसे फेडावेच लागतात, आणि ते फेडण्याचा एकच मार्ग त्या घराला ठाऊक असतो. अशा रीतीने धाड हेच कित्येकदा पुढच्या भट्टीचे कारण ठरते. त्यातच नावावर गुन्हे चढले की दुसरीकडे काम मिळणे दुरापास्त होते.

सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक श्रीमती तेजस्वी सातपुते यांनी 2021 मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ या नावाने जो उपक्रम हाती घेतला, त्याचे वैशिष्ट्य हे की त्यात ही साखळी ओळखली गेली. हातभट्टी चालणारी जिल्ह्यातील सुमारे 70 गावे व वस्त्या निवडण्यात आल्या आणि एकेक ठिकाण एकेका पोलीस अधिकाऱ्याकडे दत्तक म्हणून सोपविण्यात आले. धाडी थांबल्या नाहीत. परंतु धाडीनंतर तोच अधिकारी तांड्यावर पुन्हा जाऊ लागला, घरोघरी बसून बोलू लागला : भट्टी सोडली तर कोणते काम करता येईल, घरात शिकलेले कोण आहे, कर्ज किती आहे. कोणास शिवणकाम शिकविण्यात आले, कोणास नोकरीची वाट दाखविण्यात आली, कोणास छोट्या धंद्यासाठी साहाय्य मिळाले. सोलापूर हे गणवेश शिवण्याच्या उद्योगाचे मोठे केंद्र असल्याने शिवणयंत्र चालविता येणाऱ्या स्त्रीला तेथे काम मिळण्याजोगे होते. नुसते शिक्षण देऊन मोकळे होणाऱ्या योजना पुष्कळ असतात. येथे शिक्षणाची सांगड जवळच्या बाजारपेठेशी होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

पोलीस आणि तांडा यांच्यामधील अविश्वास कालपरवाचा नव्हे. ब्रिटिश अमदानीत 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला. खुद्द सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तेथील माणसे कापडगिरण्यांत राबत आणि हजेरी देत. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला व या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. कायदा गेला तरी नजर बदलण्यास फार काळ लागतो. ज्या जिल्ह्यात पोलिसाने माणसे मोजली ती केवळ कोणी पळाले की काय हे पाहण्यासाठी, त्याच जिल्ह्यात पोलिसाने घरात किती तोंडे आहेत व त्यांचे कसे भागते हे विचारावे, ही साधी गोष्ट नव्हे. आणि म्हणूनच ‘तांडा’ आणि ‘दारू’ हे शब्द एका दमात उच्चारण्याची सवय गावकऱ्यांनीही सोडावयास हवी. दारू गाळणारे तांड्यावर असले तरी पिणारे सर्व गावांत असतात.

या कामातील सर्वांत अवघड काळ म्हणजे भट्टी विझल्यापासून पहिली मजुरी हाती येईपर्यंतचा. शिवणकाम शिकण्यास काही आठवडे जातात. दुभते जनावर घेतले तरी ते लगेच घर चालवीत नाही. चूल मात्र रोज पेटवावी लागते. नेमक्या याच दिवसांत गूळ उधार देणारा दारात येतो. पोलीस अधिकाऱ्यास येथे सर्व काही करता येत नाही. येथे ग्रामपंचायतीचे व कृषी खात्याचे काम सुरू होते. शिधापत्रिका, जातीचा दाखला, बँकेचे खाते ही कागदपत्रे पुरी असली तरच वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळाकडे कर्जासाठी अर्ज करता येतो. कागद अपुरे असतील तर ते भट्टी विझण्यापूर्वीच पुरे करून घ्यावेत. स्त्रियांचा बचत गट आधीपासून चालू असेल तर हा काळ पुष्कळ सुसह्य होतो. मधल्या दिवसांत रोजगार हमीचे काम मिळवून देता आल्यास उत्तमच.

शेतकऱ्याचा या प्रश्नाशी संबंध नाही असे मानणे चुकीचे होय. पिंपे पुष्कळदा ओढ्याच्या काठी, झुडपांत किंवा पडीक रानात पुरलेली असतात आणि ते रान कोणाचे तरी असते. शेताच्या कडेला आंबूस वास येऊ लागला, नेहमीपेक्षा जास्त गूळ कोणी उचलू लागले, तर त्याची दखल घ्यावी. आठवड्याच्या बाजारादिवशी मजुरी हाती पडून ती घरी न पोहोचणे, हे नुकसान मालकालाही दुसऱ्या दिवशी कामावर जाणवतेच. विषारी दारूचे भय तर वेगळेच. 2015 च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत कष्टकऱ्यांचाच भरणा होता.

कायद्याने गावाच्या हाती काही साधने दिलेली आहेत. परवानाधारक दुकान स्त्रियांच्या मतदानाने बंद करता येते, पण हातभट्टीला परवानाच नसतो. तेथे मतपेटीचा उपयोग नाही. यासाठी 2016 मध्ये राज्याच्या दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलाची तरतूद करण्यात आली. ग्रामसभेच्या मार्गाने स्थापन व्हावयाच्या या दलात स्त्रियांनाही स्थान आहे. दलाचे काम माहिती देण्याचे. काठ्या घेऊन भट्ट्या फोडण्याचे नव्हे. तसे केल्यास भांडण गावातच पेटते आणि खबर देणाऱ्याच्या उभ्या पिकाची नासाडी होण्यापर्यंत प्रकरण जाते. खबर देणाऱ्याचे नाव दलाबाहेर जाता कामा नये.

पोलीस पाटलाचे पद या सर्वांत मोक्याचे आहे. वंशपरंपरागत पाटीलकी 1 जानेवारी 1963 पासून संपली आणि 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. तो त्याच भागातील रहिवासी असतो. तांड्यावर कोणाच्या घरी लग्न निघाले आहे, कोणाची म्हैस आटली, कोणाचा मुलगा शाळेतून गळाला, हे त्याला कळते. पुन्हा भट्टी लावण्याची वेळ बहुधा अशाच अडचणीतून येते. ती वेळ येण्याआधी त्याने ग्रामपंचायतीस सांगितले तर पोलीस ठाण्यास सांगण्याचा प्रसंगच टळतो.

श्रीमती सातपुते यांची 2022 मध्ये सोलापूरहून बदली झाली. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतच असतात. म्हणून दत्तक घेतलेल्या गावात कोणत्या घराने भट्टी केव्हा सोडली, त्या घराने पुढे कोणता उद्योग धरला, कर्जाचा हप्ता थकला आहे काय, शिवणयंत्र चालू आहे की कोपऱ्यात पडून आहे, याची नोंदवही ग्रामपंचायतीत असावी व ती तीन महिन्यांनी तरी पाहिली जावी. हप्ता थकलेले घर आढळले तर त्या घरी पहिला जाणारा माणूस पोलीस नसावा, बचत गटातील शेजारीण असावी.