भंगारात इंजिन मिळतं, भरवसा मिळत नाही

कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मुंबईकरांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणीही झाली. असं काही पाहिलं की हौशी मुलांचे हात शिवशिवतात. पंख, सांगाडा चिकाटीने घरी बांधता येतो. घोडं अडतं ते इंजिनापाशी. विमानाचं नवं इंजिन लाखो रुपयांचं. मग जुन्या मोटारीचं का बसवू नये?

बसवता येतं. मारुती जिप्सीतल्या १.३ लिटर इंजिनाच्या घराण्यातली सुझुकी इंजिनं परदेशात हौशी विमानांना बसवली गेली आहेत. पण आधी एक गणित करून पाहा. पंखा १.७ मीटर व्यासाचा धरा. मोटारीचं इंजिन पूर्ण ताकद देतं मिनिटाला सुमारे ६,००० फेऱ्यांवर. पंखा थेट त्यावर बसवला, तर पात्याचं टोक सेकंदाला ५३४ मीटर धावेल. आवाजाचा वेग साधारण ३४०! अशा वेळी ताकद पुढे ओढण्याऐवजी कर्कश आवाजात वाया जाते. फेऱ्या २,७०० वर आणल्या, की टोकाचा वेग २४० वर येतो. म्हणून मध्ये गिअर किंवा दातेरी पट्टा घालावा लागतो. सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाचा हिसका त्याच्या दातांवर बसतो. पीळ देणारी ती कंपनं आवरली नाहीत, तर पोलादी शाफ्टही तुटतो.

दुसरी अडचण कामाच्या ओझ्याची. रस्त्यावर मोटार बहुतेक वेळ थोड्याच ताकदीवर पळते. विमान पूर्ण ताकदीवर उडतं आणि पुढेही तासन्‌तास सुमारे ७५ टक्क्यांवर चालतं. शिवाय हवेत इंजिन बंद पडून चालत नाही; म्हणून विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगीच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक बंद पडली तरी दुसरी घरी आणते. ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ सुमारे ६० किलो वजनात ८० अश्वशक्ती देतं. गिअर आणि दुहेरी ठिणगी त्यात आधीच असते. किंमत या सगळ्याची असते.

राइट बंधूंचंही इथेच अडलं होतं. हलकं आणि परवडणारं इंजिन द्यायला एकही कंपनी तयार होईना. तेव्हा त्यांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने लेथ आणि ड्रिल मशिनवर सुमारे सहा आठवड्यांत १२ अश्वशक्तीचं इंजिन घडवलं. पंख्यांच्या फेऱ्या त्यांनी कमी केल्या त्या साखळीने, सायकलसारख्याच. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं विमान उडालं.

लेथ आणि ड्रिल मशिन ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहेत, डोंबिवली आणि अंबरनाथच्या एमआयडीसीतही आहेत. इथल्या हौशी मुलांना सांगणं एवढंच: जुनं इंजिन जरूर आणा, उघडा, त्याला गिअर जोडा, पण आधी ते जमिनीवर भक्कम चौकटीत बांधून शंभर तास चालवा. तापमान, कंपनं, तेलाचा दाब दर तासाला वहीत लिहा. ती वही भरल्याशिवाय विमान उडवायच्या परवानगीचा अर्जही करू नका.