'किरकोळ'मध्ये काय काय दडलं होतं!

"पैसे जातात तरी कुठे?" महिन्याची वीस तारीख उलटली की हा प्रश्न घरोघरी येतो आणि उत्तर द्यायचं असतं ते आपणच. आमच्याकडे गेल्या वर्षी तो जरा चढ्या आवाजात आला. तारापूर एमआयडीसीत हे ज्या कंपनीत आहेत तिथला ओव्हरटाइम बंद झाला आणि पगारात महिन्याला सहा हजारांचा खड्डा पडला. मी मुकाट्याने वही पुढे केली. दूध, भाजी, रिक्षा, सिलिंडर... रोजचा पैसा न् पैसा लिहिलेला होता. पण 'कुठे' याचं उत्तर काही त्यात मिळेना.

लेक पालघरला दांडेकर कॉलेजात कॉमर्स शिकते. रोज बोईसरहून जाते-येते. ती म्हणाली, "आई, तू तारखेप्रमाणे लिहितेस. खर्च कशावर झाला तसं लावून बघ ना!" तिने घरच्या कॉम्प्युटरवर 'ग्नूकॅश' नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट मिळतं. खात्यांची नावं आपल्या भाषेत देता येतात, म्हणून मी सरळ 'किराणा', 'औषधपाणी', 'प्रवास' अशी मराठीतच लिहिली. मग चार रविवार बसून आम्ही मायलेकींनी मागच्या बारा महिन्यांची वही त्यात भरली. ती वाचायची, मी टाइप करायची.

सुरुवातीला डोकंच चालेना. यात प्रत्येक रक्कम दोनदा दिसते. कुठून निघाली आणि कुठे गेली. व्यापारी ज्याला दुहेरी नोंद म्हणतात ती हीच. इटलीच्या लुका पाचोली यांनी १४९४ साली छापलेल्या पुस्तकात ही पद्धत समजावून सांगितली होती, असं लेकीकडून कळलं. एटीएममधून दोन हजार काढले तर तो खर्च नव्हे, पैसे बँकेतून पाकिटात आले इतकंच. एकाच बिलात तांदूळ, साबण आणि वह्या असतील तर रक्कम तीन खात्यांत वाटायची. आणि एखादी रक्कम कुठे गेली हे सांगितलंच नाही, तर सॉफ्टवेअर ती 'इम्बॅलन्स' नावाच्या खात्यात ठेवून देतं. कितीही दिवसांनी उघडा, ती तिथेच बसलेली असते!

चौथ्या रविवारी वर्षाचा गोषवारा पडद्यावर आला. पहिली गंमत भिशीची. महिन्याला दोन हजार मी खर्चात लिहीत होते. म्हणजे आपलेच चोवीस हजार मी 'गेले' म्हणून धरत होते! दुसरी गोष्ट मे-जूनची. आपल्याकडे पावसाच्या आधी आगोटीची खरेदी होते. सुके बोंबील, सुकट, मसाला, वर्षाचे तांदूळ. त्यालाच लागून कॉलेजची फी. दरवर्षी त्या दोन महिन्यांत हात पसरावे लागायचे, आणि दरवर्षी मला ते अचानक आल्यासारखं वाटायचं. आता भिशीतला माझा नंबर मी मे महिन्यात मागून घेतला आहे.

तिसरं खातं होतं 'किरकोळ'. वर्षाचे एकतीस हजार दोनशे! हे म्हणाले, "एवढं किरकोळ? उघड बघू." उघडलं. आहेर-वर्गणी ९,०००. मोबाइल रिचार्ज ८,४००. यांचा टपरीवरचा चहा ७,२००, तेव्हा हे जरा खाकरले. खरोखरचं किरकोळ २,७००. आणि उरलेले ३,९००? माझ्या थायरॉइडच्या गोळ्या, चष्मा आणि एक रक्ततपासणी.

सासूबाईंची औषधं 'औषधपाणी' खात्यात होती, यांच्या बीपीच्या गोळ्याही तिथेच होत्या. माझ्या तेवढ्या किरकोळमध्ये. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याच हातून तसं लिहिलं गेलं होतं. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी तपासणी सांगितली होती. वर्षात चार नोंदी हव्या होत्या, होती एकच. ओढाताण झाली की किरकोळ खर्चावर आधी कात्री चालते, तशी ती माझ्या तपासणीवर चालली होती. मला आठवतही नव्हतं. पडद्यावर मात्र दिसत होतं.

हे थोडा वेळ गप्प बसले. मग लेकीला म्हणाले, "ते आईचं औषधपाण्यात घाल. आणि पुढच्या महिन्यात तपासणीचे पैसे आधी बाजूला काढ." त्या महिन्यात तपासणी झाली. गोळीचा डोस वाढवावा लागला.

सहा हजारांचा खड्डा पूर्ण भरला असं नाही. रिचार्जचे प्लॅन बदलले, टपरीचा चहा निम्मा झाला, बाकीची ओढाताण आहेच. पण "पैसे जातात कुठे" हा प्रश्न आता मला एकटीला विचारला जात नाही. महिनाअखेरीला तिघं मिळून बघतो.

मैत्रिणींनो, सुरुवात करायची तर दहा-बारा खातीच पुरेत, जास्त केली की कंटाळा येतो. भाजीवालीला मोबाइलवरून दिलेले वीस रुपये हातातून जाताना जाणवत नाहीत, ते त्याच दिवशी लिहा. महिनाअखेरीला पाकीट मोजा, पासबुकाशी ताळा करा. हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. मायक्रोसॉफ्टने 'मनी' हे आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर २००९ मध्ये विकायचं बंद केलं. सॉफ्टवेअर जाऊ शकतं, आपली नोंद जाता कामा नये. कॉम्प्युटर नसेल तर वहीत उभ्या रेघा मारा, तेही चालतं.

आणि 'किरकोळ' खातं महिन्यातून एकदा नक्की उघडून बघा. त्यात तुमचं स्वतःचं काही लपलं असेल, तर त्याला आधी नाव द्या.