पंप उघडला, आता जुळेना!



पाठीवरचा फवारणी पंप उघडणे सोपे, पण पुन्हा जुळवताना परातीत एक स्प्रिंग उरते. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांचा असेल. माझाही आहे.

गेल्या पावसाळ्यात मी मुंबईच्या आरे कॉलनीत गेलो होतो. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर नेण्यासाठी १९४९ साली वसवलेली ही दुग्धवसाहत. तिच्या आत आदिवासींचे पाडेही आहेत आणि पावसाळ्यात तिथे भात, काकडी, शिराळी होतात, हे गोरेगावातल्यांनाही ठाऊक नसते. तिथल्या एका पाड्यावर विशीतल्या एका मुलाने माझ्यापुढे पंप ठेवला. "साहेब, बाजारातून सगळे नवे वॉशर आणले, मीच बसवले. आता दांडा हलवतो तर हलकाच लागतो, दाब येत नाही. आणि पाठ भिजते."

दाब येत नाही याचे मला काही वाटले नाही. पाठ भिजते म्हटल्यावर मात्र मी खाली बसलो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, ते तुम्ही विसरला नसाल. कीटकनाशक केवळ नाकातोंडातून जात नाही, ते कातडीतूनही शरीरात भिनते. म्हणून त्याला आधी सदरा काढून साबणाने अंग धुवायला लावले. पंप मग पाहिला. पंप उघडण्यापूर्वी तुम्हीही तो दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा, हातमोजे घाला आणि खटका दाबून आतला दाब सोडून द्या. दाब असताना जोड सैल केला तर औषध थेट तोंडावर उडते.

आता दोष कसा ओळखायचा ते पाहू. पंपात मुळात एक दट्ट्या आणि दोन झडपा असतात. एका झडपेतून टाकीतले पाणी नळकांड्यात येते, दुसरीतून ते दाबाच्या भांड्यात जाते. पुष्कळ पंपांत झडप म्हणजे एक लहानशी गोळी असते. दांडा हलका लागला आणि टाकीत बुडबुडे आले, तर पहिली झडप पाणी धरत नाही, ते मागे टाकीत परतते. उलट, हात काढल्यावर दांडा आपोआप वर येत असेल तर दुसरी झडप गळते आहे, असे समजा. गोळीखाली काडीचा तुकडा अडकला तरी हे होते, तेव्हा लगेच नवा भाग घ्यायला धावू नका, आधी धुऊन पाहा.

आमच्या या मुलाच्या झडपा ठीक होत्या. त्याने दट्ट्याचा वाटीसारखा वॉशर उलटा बसवला होता! नवशिक्याची ही नेहमीची चूक. वाटीचे तोंड ज्या बाजूला पाणी दाबले जाते त्या बाजूला हवे, म्हणजे दाबाने कड फाकते आणि नळकांड्याला घट्ट चिकटते. उलटी बसली तर कड आत मिटते आणि पाणी निसटून वर येते. त्याची पाठ भिजत होती त्याचे निम्मे कारण हेच. उरलेले निम्मे म्हणजे टाकीच्या झाकणाचा वॉशर, जो जुन्यासोबत फेकला गेला होता. वॉशर कोरडा बसवू नये. रबराला साबणाचे पाणी लावावे, जुन्या पितळी पंपातल्या चामड्याच्या वॉशरला एरंडेल.

नोझल उघडले तेव्हा आतली भोवरा देणारी चकतीच नव्हती. ती त्याच्या पिशवीत निघाली. ती नसली की तुषारांऐवजी सरळ धार पडते, पिकावर एका जागी औषध आणि बाकी पान कोरडे. नोझल तुंबले तर तोंडाने कधीही फुंकू नका, तारही घालू नका. तारेने भोक मोठे होते. जुना दात घासायचा ब्रश पुरतो. नव्या नोझलमधून एका मिनिटात किती पाणी पडते ते मापाच्या भांड्यात मोजून लिहून ठेवा. जुन्यातून दहा टक्क्यांहून जास्त पडू लागले की ते बदला.

खटका थेंब-थेंब गळतो तेव्हा बहुधा आतली रबरी कडी चिरलेली असते. तो उघडताना वर फडके धरा, कारण स्प्रिंग टुणकन उडते आणि गवतात मिळत नाही. (याला गन म्हणतात म्हणून एकाने मला पीकसंरक्षणाच्या बंदुकीचा खटकाही दुरुस्त करायला सांगितले होते. तिला हात लावायचा नाही, ते परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचेच काम.)

मी सुटे भाग परातीत ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडतो. मोबाइल असेल तर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. आटे हातानेच बसवा, पान्ह्याने शेवटचा अर्धा फेरा पुरे. प्लॅस्टिकचे आटे तिरके चढले की जोड गेलाच.

जुळवल्यावर साधे पाणी भरून, पंप जमिनीवर ठेवूनच दाब द्या आणि प्रत्येक जोडाला कोरडे कागद लावून पाहा. त्या मुलाचा पंप दुसऱ्या वेळी उभा राहिला, फक्त नळीच्या जोडाशी कागद ओला झाला. तिथला वॉशर गोठ्यात गोचिडांवर फवारणीसाठी वापरलेल्या जुन्या पंपातून काढलेला होता, बारीक भेगा पडलेला. नवा मिळेपर्यंत काकडी दोन दिवस थांबली.